जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडताना

मंडळी, इंजिन कुठलं बसवायचं यावर आपण महिनोन्‌महिने डोकं लावतो आणि गिअरबॉक्स मात्र हाताला लागेल तो उचलतो. पुढचा बराचसा मनस्ताप तिथूनच सुरू होतो, म्हणून आज फक्त गिअरबॉक्सबद्दल बोलतो.

अमेरिकेत नेहमी दिसणारा प्रकार घ्या. जनरल मोटर्सच्या पिकअपमधलं एलएस घराण्याचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन काढायचं आणि जुन्या शेव्हरोलेत बसवायचं. भंगाराच्या यार्डात त्याच्या मागे बहुधा ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. हलका, स्वस्त, हवा तेवढा मिळणारा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.०६, त्यामुळे गाडी जागची झटकन उठते. दुसरा पर्याय ४एल८०ई. जनरल मोटर्सच्याच जुन्या टीएच४०० गिअरबॉक्सच्या वळणाचा, वर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन हळू फिरू देणारा चौथा गिअर. पहिला गिअर २.४८. दणकट आहे, पण जड आणि मोठा, कधी कधी त्याच्यासाठी गाडीची फ्लोअर कापावी लागते. टर्बो लावणार असाल तर तोच घ्या. इंजिन कंपनीतून आलं तसंच ठेवणार असाल, तर मी धडधाकट ४एल६०ई शोधेन.

धडधाकट ओळखायचा कसा? चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं, खोलून. विकणारा खोलू देत नसेल तर पुढच्या यार्डात जा. आतल्या चुंबकावर मऊ राखाडी लेप दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. तेल काळं पडून जळका वास येत असेल, तळाशी काळा गाळ साचला असेल, तर क्लच प्लेटा जळाल्यात. पितळी चमक दिसली तर बुश, म्हणजे शाफ्टभोवतीच्या धातूच्या नळ्या, खाल्ले गेलेत.

४एल६०ईचं एक दुखणं नीट लक्षात ठेवा. आतली सन शेल (मधल्या सन गिअरला फिरवणारी पत्र्याची वाटी) तुटली की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदमच जातात. पहिला आणि तिसरा चालत राहतात. म्हणून ‘फक्त रिव्हर्स जरा नाटक करतो’ असं कोणी म्हणालं, तर आधी दुसरा गिअर पडतो का ते बघा.

आणि घ्यायचा तर अख्खा संच घ्या: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा), फ्लेक्सप्लेट (इंजिनामागची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात), कॉम्प्युटर, वायरिंग, सगळं त्याच गाडीचं. कॉम्प्युटरशिवाय ४एल६०ई तिसऱ्यातच अडकून बसतो. फोर-बाय-फोरमधला असेल तर मागचा शाफ्टच वेगळा असतो, टू-व्हील गाडीत तो तसाच चालत नाही. आधीच्या, एलएसपूर्व इंजिनांचा ४एल६०ई दिसायला सारखाच, पण त्याची बेलहाउसिंग (इंजिनाला टेकणारं पुढचं घंटेसारखं कवच) आणि कन्व्हर्टर निराळे.

बसवताना कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकला, गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसेपर्यंत. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत तीन-चार मिलिमीटर पुढे यायला हवा. तो फिरत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, गिअरबॉक्स पुन्हा मागे घ्या. आवळलात तर पंप तिथेच फुटतो.