एका ताण्यावरची फडकी

फोंडा तालुक्यातल्या या घरात दुपारची जेवणं आटोपली की पडवीतला माग सुरू होतो. जिचं काम आधी आवरतं ती आधी येऊन बसते. इथे विणली जातात स्वयंपाकघरातली फडकी, गोव्याच्या कुणबी लुगड्याच्या लाल चौकटीची. भांडी पुसायची, गरम भाकऱ्या गुंडाळायची.

साडी सोडून फडकी का? एकत्र विणणाऱ्या या बायकांच्या गटाला तीच सोयीची. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, एकदा लांब लावला की त्यावर सगळ्याजणी पाळीपाळीने विणतात, जिला जसा सुचेल तसा बाणा, म्हणजे आडवा धागा, घालतात. ताण्याच्या दोन्ही टोकांचं, मागाला बांधलेलं सूत विणता येत नाही, वायाच जातं. एका फडक्यासाठी ते परवडत नाही. दहा फडकी निघाली तर चालतं.

किचकट काम ताणा लावण्याचं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, २२ इंच, इंचाला २० सूतं, म्हणजे ४४० धागे. एकेक धागा फणीच्या दातांतून ओवायचा. एक मागून देते, दुसरी पुढून ओढून घेते. एखादा चुकला, तर त्याची रेघ शेवटच्या फडक्यापर्यंत दिसत राहते.

आता विणणारीचे हात पाहा. नवी मुलगी बाणा ताणून घेते, काठ आत येतात, पन्हा अरुंद होत जातो. शेजारची काकी तिचं मनगट धरते. "बाये, ओढू नको गो. सूत सैल सोड, तिरकं ठेव, मग ठोक." तिरकं ठेवलं की सूत लांबीला जास्त मिळतं आणि ताण्याच्या धाग्यांवरून-खालून वळायला पुरतं. पुढच्या चार बोटांत काठ सरळ उतरतो. मुलगी हात फिरवून पाहते, पुन्हा बाण्याच्या सुताचा धोटा टाकते.

लाल कापड, त्यावर बारीक चौकटी. गोव्यात याची ओळख करून द्यावी लागत नाही. शेतात राबणाऱ्या कुणबी-गावडा बायकांचं हे लुगडं. खांद्यावर गाठ, आणि चिखलात उतरता यावं म्हणून आखूड नेसलेलं. पुढे विणणारे कमी झाले, नेसणाऱ्याही. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, २०१४ चे पद्मश्री, यांनी ते फॅशनच्या मंचावर नेलं आणि बाहेरच्यांचं लक्ष वेधलं. ते फार मोलाचं काम. पण मंचावरची साडी मोजक्यांच्याच घरी पोचते. लाल चौकट रोज दहा वेळा हाती लागावी, तर ती स्वयंपाकघरातच हवी. मात्र या चौकटीचं पायपुसणं विणायचं नाही, हे गटातल्या गावडा बायकांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

पावसाळ्यात दमट हवेमुळे सुती धागा कमी तुटतो. त्याच हवेत खळ दिलेल्या ताण्याला बुरशी धरते, म्हणून माग भिंतीपासून लांब ओढला आहे.

१९८५ च्या कायद्याने काही सुती टॉवेल हातमागासाठी राखून ठेवले. तरी बाजारात यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावाने खपतो, आणि हाताने विणणारीला 'एवढे पैसे फडक्याचे?' हे ऐकावं लागतं. ४४० धागे ओवताना पाहिलेला माणूस असं विचारणार नाही.

असं फडकं घेतलंत तर वापरण्याआधी धुवा. लाल रंग पहिल्या धुण्याला वेगळा ठेवा. खळ निघून गेली की कापड थोडं आटतं, वीण दाट होते, आणि मग ते पाणी नीट टिपू लागतं.