किती लेकरांपैकी इतके टक्के?

मंडळी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे दोन आकडे तुमच्यापुढे ठेवतो. या पाहणीवरून नीती आयोगाने काढलेली महाराष्ट्रातली बहुआयामी गरिबी (कमाईवरून नव्हे, तर आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानातल्या उणिवांवरून मोजलेली) 2015-16 मध्ये 14.8 टक्के होती, 2019-21च्या फेरीत ती 7.81वर आली. याच दोन फेऱ्यांत वयाच्या मानाने वजन कमी असलेली पाच वर्षांखालची मुलं आधी 36 टक्के होती, नंतर 36.1. गरिबी जवळपास निम्मी झाली आणि लेकरांचं वजन जागचं हललं नाही! सत्ताधाऱ्यांच्या सभेत पहिला आकडा येतो, मोर्चात दुसरा. दोन्ही खरे आहेत.

गरिबीच्या त्या निर्देशांकात बारा निकष आहेत. पोषणाचा भार, म्हणजे एकूण मोजणीतला वाटा, एक षष्ठांश, आणि घर गरीब ठरायला एकूण एक तृतीयांश भाराची वंचितता लागते. म्हणजे वीज आली, संडास झाला, बँकेत खातं निघालं, तर लेकरू कुपोषित असूनही घर गरिबीतून बाहेर पडू शकतं. ही मोजण्याची रीत झाली. पण तोच आकडा ‘मुलांची गरिबी हटली’ म्हणून मिरवला, तर ती दिशाभूल आहे.

आपल्या बाजूच्या कार्यकर्त्यांनाही सांगतो. उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण 34.4वरून 35.2 झालं, की ‘कुपोषण वाढलं’ अशी पत्रकं निघतात. नमुना पाहणीतला एवढासा फरक छातीठोकपणे वाढ म्हणून सांगता येत नाही. आणि 2005-06 मध्ये हेच प्रमाण 46.3 होतं, ते का गाळायचं? मधल्या काळात काम झालं. कुपोषण कमी करण्यासाठीचं राज्याचं राजमाता जिजाऊ मिशन 2005 साली औरंगाबादेतूनच सुरू झालं होतं.

मला खरी काळजी आहे ती छेदाची, म्हणजे टक्के किती लेकरांपैकी काढले त्या आकड्याची. बीडकडे दसरा झाला की ऊसतोडीला माणसं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि घरी सांभाळायला कुणी नसलं की लहानगी सोबतच. फडाच्या बांधावर मोठी पोर धाकट्याला घेऊन बसते. तिचं नाव गावच्या शाळेच्या पटावर असतं, त्यामुळे पटापुरती ती शाळेतच असते. धाकट्याचं वजन गावच्या अंगणवाडीत त्या महिन्यांत होत नाही. अहवालात मात्र लिहिलेलं असतं, ‘वजन घेतलेल्या बालकांपैकी’ इतके टक्के. जी लेकरं काट्यावर चढलीच नाहीत, त्यांतली अशक्त किती हे त्या टक्क्यात येतच नाही. गावातली जास्त अशक्त लेकरं तीच असली, तर काहीही न करता कुपोषण कमी झालेलं दिसेल.

तेव्हा ग्रामसभेत अंगणवाडीचा अहवाल वाचला की टक्केवारीच्या आधी दोन रकाने मागा: नोंद किती लेकरांची, आणि वजन किती जणांचं झालं. तफावत निघाली तर ती लेकरं कोणत्या कारखान्यावर आहेत, आणि तिथल्या अंगणवाडीला कुणी कळवलंय का, हे त्याच बैठकीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.