चाड्यावरची मूठ

मृगाचा पाऊस होऊन गेला असला, तरी वर्धा जिल्ह्यातील या शाळेच्या शेतात पेरणीची घाई नाही. सातवीतील ही विद्यार्थिनी काळ्या मातीचा गोळा वळून खाली टाकते आहे. गोळा फुटून मोकळा झाला, तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, आला. तसाच चिकट राहिला, तर औत बाहेर काढायचे नाही.

आता तिफण हे पेरणीचे औत जुंपले आहे. चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या वाडग्यात, सोडलेले ज्वारीचे बी नळ्यांमधून तीन फणांनी पाडलेल्या तासांत, म्हणजे ओळींत, उतरते, आणि सारी पेरणी चाड्यावर धरलेल्या मुठीवर अवलंबून असते. मूठ सैल सुटली की पीक दाट उगवते, आखडली की नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात. मागे दोरीने बांधलेले सरते, म्हणजे पेरणीची वेगळी नळी, धरून चालणारा मुलगा तूर पेरतो आहे. पाण्याबरोबर माती वाहून जाऊ नये, म्हणून तासे उताराला आडवी धरली आहेत. मूठ धरायला शिकवणाऱ्या या बाया गावातल्याच आहेत. पेरणीतले हे कसब इकडे अनेक घरांत बाईच्या हातात असते आणि शाळेने त्याला विद्या मानले, हे फार योग्य झाले.

याच जिल्ह्यात, ऑक्टोबर 1937 मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने 7 ते 14 वयाच्या मुलांसाठी मातृभाषेतून आणि उत्पादक उद्योगातून शिकण्याचा अभ्यासक्रम मांडला. त्यातील मूलोद्योगांत, म्हणजे शिक्षणाचा पाया मानलेल्या उद्योगांत, शेतीही होती. सेवाग्राममध्ये आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ही नई तालीम प्रत्यक्ष चालवली. पुढे शाळाशाळांतून कार्यानुभवाचा, म्हणजे हाताने काम करून शिकण्याचा, तास आला आणि कित्येक ठिकाणी तो कागदी फुलांवरच निभावला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मुले बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळत आहेत. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलाच्या कानाशी सांगताना त्यांना कोणी पाठांतर करायला लावलेले नाही. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला धाकटी मुले लाकडी बैल ओढत निघतात.

मळणी झाली आणि ज्वारी शाळेच्या स्वयंपाकघरात पोहोचली.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत. शेतीला ते पुरणार नाहीत. वाफशापासून मळणीपर्यंतचा पूर्ण हंगाम वेळापत्रकात यावा आणि शिकवणाऱ्या शेतकऱ्यांना व बायांना मानधन मिळावे, अशी आमची मागणी आहे.