सेंट क्रॉसचं सदावर्त

[नदीकाठची पायवाट. सकाळ.]

विंचेस्टरच्या कॅथीड्रलपासून इचिन नदीच्या काठाकाठाने दक्षिणेला चालत निघालं, की मैलभरात कुरणांपलीकडे एक बसका, रुंद मनोरा दिसू लागतो. शेजारी उंच धुराड्यांची रांग. हे सेंट क्रॉस, निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधलेलं घर. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या धर्मादाय संस्थांमध्ये त्याची गणना होते.

[चर्चचा आतला भाग. नागमोडी कोरीवकाम, मग छत.]

ते उभारलं हेन्री ऑफ ब्लॉइस यानं, ११३२ ते ११३६ या काळात. विंचेस्टरचा हा बिशप इंग्लंड जिंकणाऱ्या राजा विल्यम द काँकररचा नातू आणि राजा स्टीफनचा धाकटा भाऊ. राज्यासाठी घराण्यातच युद्ध पेटलं, त्या धामधुमीच्या उंबरठ्यावर त्यानं हे काम हाती घेतलं.

त्याच्या दानपत्रात काय लिहिलंय, ते मुद्दाम ऐकण्यासारखं आहे. दुसऱ्यानं हात दिल्याशिवाय ज्यांना उठताही येत नाही, अशा तेरा गरीब माणसांना इथं ठेवायचं. त्यांना कपडे द्यायचे, आजारपणाला सोसेल असं अंथरूण द्यायचं. रोज गव्हाची भाकरी, दुपारच्या जेवणाला तीन पदार्थ, रात्री एक, आणि प्यायला पेय. कुणी बरा होऊन पायावर उभा राहिला, तर त्याला मानानं निरोप द्यायचा आणि त्याच्या जागी दुसऱ्याला घ्यायचं. शिवाय रोज शंभर गरिबांना जेवू घालायचं, आणि पानात उरेल ते त्यांना घरी नेऊ द्यायचं. घरी वाट पाहणारं कुणी असेल, हे त्या लिहिणाऱ्याच्या लक्षात होतं.

[काळ्या झग्यातले वृद्ध. छातीवरचा चंदेरी क्रॉस जवळून.]

इथल्या रहिवाशांना 'ब्रदर' म्हणतात. हेन्रीच्या मूळ संस्थेचे ब्रदर काळा झगा घालतात आणि त्यावर चंदेरी क्रॉस असतो.

[लाल झगा. प्रवेशद्वारावरचा मनोरा.]

लाल झग्याची गोष्ट तीनशे वर्षांनंतरची. १४४५च्या सुमारास कार्डिनल हेन्री ब्यूफोर्टनं संस्थेत दुसरी शाखा जोडली. चांगल्या घरचे, पण दैव फिरलेले लोक तिच्यात येणार होते. तिला नाव मिळालं 'ऑर्डर ऑफ नोबल पॉव्हर्टी', म्हणजे खानदानी गरिबी. आपण ज्या मनोऱ्याखालून आत आलो, तो त्याच्याच नावाचा.

[चौक. हिरवळीवरून धुराड्यांकडे कॅमेरा हळूहळू वर जातो.]

ही धुराडी नीट पाहा. पंधराव्या शतकात बांधलेल्या या ओळीत प्रत्येक ब्रदरला स्वतःचं बिऱ्हाड मिळालं. बसायची खोली, निजायची खोली, सामानाची छोटी कोठी. शेकायला स्वतःची शेगडी. आणि स्वतःचं दार, जे आतून लावून घेता येतं. आश्रित माणसालाही दार लागतं, हे त्या काळी कुणाला तरी सुचलं होतं. आजही ब्रदर याच ओळीत राहतात. एकूण पंचवीस जणांची सोय आहे.

[भोजनशाळा. लाकडी छप्पर, मधोमध चूल, वादकांचा सज्जा.]

इथं सगळे एका छपराखाली जेवायला बसत. चूल दालनाच्या मधोमध, उबेसाठी. वर वादकांसाठी सज्जा. सणासुदीला तिथून वाद्यांचे सूर खाली येत असतील.

संस्थेच्या उत्पन्नावर हात मारणारेही निघालेच. चौदाव्या शतकात बिशप विल्यम ऑफ विकहॅमला गैरव्यवहार करणाऱ्या प्रमुखांशी झगडावं लागलं. १८०८ साली प्रमुखपदी आलेला फ्रान्सिस नॉर्थ तर तिथल्या बिशपचाच मुलगा. त्यानं वर्षानुवर्षं उत्पन्न खिशात घातलं. १८५३ साली न्यायालयाचा निकाल त्याच्याविरुद्ध गेला, आणि १८५५ साली त्यानं पद सोडलं.

[पुन्हा प्रवेशद्वार. द्वारपालाची खिडकी.]

शंभरांची पंगत आता बसत नाही. सदावर्त मात्र बंद झालेलं नाही. वाटसरूनं या खिडकीशी थांबून मागितलं, की शिंगाच्या पेल्यात थोडी बिअर आणि ब्रेडचा एक तुकडा मिळतो.

[हात. शिंगाचा पेला. ब्रेड. निवेदन थांबतं, नदीचा आवाज.]