पान्हा चोरणारी म्हैस आणि गल्लीतले तीन भोंगे

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात दोन पुढाऱ्यांचं वाजलं की एक वाक्य ठरलेलं असतं. "हिंमत असेल तर बिंदू चौकात या." आरोप पाण्याच्या योजनेचा असो नाहीतर कारखान्याच्या उसाचा, चर्चेला जागा एकच, बिंदू चौक. बहुतेक वेळा दोघांपैकी कुणीच येत नाही, ते सोडा. पण त्या आव्हानात एक शिस्त आहे बघा. ज्याला ऐकायचंय त्यानं चौकात जायचं. ज्याला ऐकायचं नाही त्यानं घरी भाकरी खात बसायचं. चौक कुणाच्या स्वयंपाकघरात शिरत नाही.

आता मात्र चौक घरात शिरायला लागलाय. पहाटे भोंग्यातून, सकाळी घंटागाडीतून, दुपारी भंगारवाल्याच्या रेकॉर्डिंगमधून, रात्री डॉल्बीतून. जाता जाता सांगतो, त्या भंगारवाल्याच्या रेकॉर्डिंगचा मला भारी राग आहे. पूर्वी तो माणूस स्वतः ओरडायचा. चार घरं ओरडला की थांबायचा, पाणी मागायचा, दोन शब्द बोलायचा. आता तोंड मिटून गाडा ढकलतो आणि मशीन बोंबलतं. माणसाचा घसा बसतो, मशीनचा बसत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं हलगीच्या वेळी परत लागणार आहे.

आजचा विषय आहे बोलण्याचं स्वातंत्र्य, एकमेकांच्या धर्माचा मान आणि रोजचा गोंगाट. तिन्हींत एक घोटाळा नेहमी होतो, तो आधीच सांगतो. "आवाज कमी कर" म्हणणं वेगळं आणि "गप्प बस" म्हणणं वेगळं. परत सांगतो. आवाज कमी कर, हे वेगळं. गप्प बस, हे वेगळं. पहिलं शेजाऱ्याला म्हणता येतं. दुसरं कुणालाच म्हणता येत नाही.

याच शहरात 16 फेब्रुवारी 2015 ला कम्युनिस्ट नेते आणि लेखक गोविंद पानसरे सकाळी पत्नीबरोबर फिरायला गेले होते, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. त्यांची भाषणं कुणाच्या कानाचे पडदे फाडत नव्हती. त्यांच्या आवाजाचा त्रास डेसिबलचा नव्हता. आणि जून 2023 मध्ये शहर बंद पडलं, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं, ते कशावरून? मोबाइलच्या स्टेटसवरून. स्टेटसला आवाज असतो का? म्हणजे जिथं आवाज नव्हता तिथं आपण रस्त्यावर उतरलो, आणि जिथं खिडकीच्या काचा थरथरतात तिथं म्हणतो, "वर्षातनं एकदाच आहे, घ्या सांभाळून." हे उलटं झालंय, असं माझं मत आहे.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेला असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. डेसिबलचा हिशेब किराणामालासारखा सरळ नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते. म्हणून 55 आणि 95 मधला फरक चाळीसचा वाटतो, तो असतो दहा हजारपटीचा.

सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात सांगितलं की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. पुढं जुलै 2005 मध्ये सांगितलं की तुम्हाला बोलायचा हक्क आहे तसा दुसऱ्याला न ऐकण्याचाही आहे. आणि त्याच्याही आधी, 1986 साली, केरळातल्या तीन शाळकरी भावंडांना शाळेत परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला ती उभी राहायची, पण त्यांच्या श्रद्धेमुळं गायची नाहीत, म्हणून शाळेनं काढलं होतं. म्हणजे बोलायचा हक्क आहे, न बोलायचा आहे, न ऐकायचाही आहे. झाला कायदा.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. म्हशीची गोष्ट.

आमच्या पेठेत एक बोळ आहे. बोळाच्या तोंडाला तालीम, तालमीमागं मशीद, वळणावर विठ्ठलाचं देऊळ, आणि या तिघांच्या मधोमध एका गवळीमामांचा गोठा. चार म्हशी, सगळ्या पंढरपुरी, तलवारीसारखी लांब शिंगं. पहाटेची धार गोठ्यात, संध्याकाळची कट्ट्यावर. गंगावेशीचा दूधकट्टा म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. म्हैस समोर, धार समोर, फेसाळ दूध थेट पेल्यात. पिशवीतल्या दुधाला मी दूध म्हणत नाही. घरचे म्हणतात, म्हणू देत.

साल 2018. त्या वर्षी गणपती आणि मोहरम एकाच आठवड्यात आले होते. आमच्याकडं तालमीत मोहरमचे पंजेही बसतात आणि गणपतीही बसतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही, उलट नाही बसले तर वाटेल. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतात. त्यामुळं धर्माधर्मांत भांडण हा आमच्या बोळाचा विषय नव्हता. भांडण होतं स्पीकरचं. तालमीनं त्या वर्षी मोठी डॉल्बी ठरवली होती. मशिदीवर नवा भोंगा आला होता, त्याचं तोंड बोळाकडं. आणि देवळात पहाटे साडेपाचला भक्तिगीतं लागायची, ती आरती होईपर्यंत चालू.

पहिल्या दिवशी संध्याकाळी डॉल्बीची चाचणी चालू होती. मामांची पुढची म्हैस आदल्या आठवड्यातच व्यालेली, म्हणून तिला कट्ट्यावर नेत नव्हते, गोठ्यातच धार काढत होते. मी दूध आणायला गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलं. मामांनी पुढ्यात आंबोण ठेवलं, कासेला पाणी मारलं, सड चोळले. म्हशीनं खाली मान घातली, पान्हा आला. भांड्यात दोन धारा वाजल्या असतील नसतील, तेवढ्यात तालमीकडनं "चेक, चेक" आणि मागोमाग एक दणका. गोठ्याचा पत्रा कडकडला. बादलीतल्या पाण्यावर गोल गोल लाटा उठल्या. म्हशीनं आंबोणातनं तोंड काढलं, कान टवकारले, आणि दूध बंद. मामांनी सड ओढून बघितले, थेंब नाही. पान्हा चोरला तिनं.

आता पंढरपुरी म्हैस म्हणजे काय जनावर आहे! भर रस्त्यात, रिक्षांच्या गराड्यात, गिऱ्हाईक समोर उभं असताना धार देणारी. ती अडली. मामा मला म्हणाले, "बघा सर, हिला हॉर्न चालतोय, माणसं चालत्यात. ह्यो दणका चालंना."

मामा तालमीत गेले. पोरं म्हणाली, "मामा, दहा दिवस हो. वर्षातनं एकदा." एकानं तर विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरनं आलाईसा?" बघा, आवाजाची तक्रार केली की पहिला प्रश्न हाच येतो. तुला कुणी पाठवलं? मामा काही बोलले नाहीत, परत आले.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तालमीची पोरं आली, जोर-बैठका मारून, हातात आपापले तांबे. मामांनी प्रत्येकाच्या तांब्यात निम्मंच ओतलं.

"मामा, अर्धंच?"

"अर्धं तुमच्या डॉल्बीनं प्यालं."

कट्ट्यावर हशा पिकला. त्या हशात मशिदीतले चाचाही होते. रोज चहापुरतं दूध न्यायचे. त्यांच्याही भांड्यात अर्धंच पडलं. चाचा म्हणाले, "आमचं काय ओ? आमी कुठं डॉल्बी लावली?"

मामा म्हणाले, "सांजची धार डॉल्बीनं प्याली. पहाटंची तुमी आन् बुवांनी मिळून. कुणाच्या भोंग्यानं किती प्यालं ते म्हस सांगत न्हाई."

देवळातल्या बुवांना नैवेद्याचं दूध गेलं तेही अर्धं. बुवा चिडले, देवाच्या दुधात काटछाट म्हणजे काय! पण म्हशीला कोण बोलणार? श्रोतेहो, यातली गंमत ध्यानात घ्या. माणसानं तक्रार केली असती तर तो कुठल्या जातीचा, कुठल्या पक्षाचा, कुणाचा पाव्हणा, सगळं निघालं असतं. म्हैस कुणाची हस्तक निघणार?

तिसऱ्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर बैठक बसली. वस्ताद, चाचा, बुवा आणि मामा. मीही बसलो, कारण मला न विचारता कुठंही बसायची सवय आहे. अर्धा तास गेला एकाच गोष्टीत. वस्ताद म्हणाले, आधी भोंगा. चाचा म्हणाले, आधी डॉल्बी. बुवा म्हणाले, आमचा तर बारका स्पीकर आहे. शेवटी मामाच म्हणाले, "मी कुणालाबी बंद करा म्हणत न्हाई. आरती करा, बांग द्या, नाचा. पहाटं पाच ते सहा आन् सांजला साडेपाच ते सात, एवढा वेळ म्हशीला द्या."

आवाज कमी करा. गप्प बसा नव्हे. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

पहिले चाचा हलले. म्हणाले, "फजरला येणारी माणसं मोजून पंधरा, समदी ह्याच बोळातली. मी दारावर थाप मारत गेलो तरी उठत्यात." भोंगा खाली उतरला, आत एक साधा स्पीकरचा डबा लागला. त्यावर बुवांना मागं राहणं जमेना. त्यांनी स्पीकर गाभाऱ्याकडं फिरवला. वस्ताद मात्र घासाघीस करत होते. आगाऊ रक्कम दिली होती ना! शेवटी तोडगा निघाला तो असा. मिरवणुकीपर्यंत डॉल्बी नाही, हलगी. विसर्जनाच्या मिरवणुकीला डॉल्बी लावणार म्हणजे लावणार. मामांनी मान्य केलं आणि त्या एका दिवसापुरत्या म्हशी पाव्हण्यांकडं गावाला नेऊन बांधल्या.

आता हलगीचं सांगतो. हलगीही काही हळू वाजत नाही. कोल्हापूरची हलगी कानाजवळ घुमली की अंगावर काटा येतो, आणि मला ती आवडते, त्यामुळं तिच्यापुढं मीटर धरायला मी जाणार नाही. हा पक्षपात आहे, असू दे. पण हलगीवाल्याचा हात दुखतो. तासाभरानं तो थांबतो, बिडी ओढतो, हलगी शेकतो. जनरेटरचा हात दुखत नाही. म्हशींनी हलगीला पान्हा चोरला नाही, एवढं मी स्वतः रोज दूध आणून सांगतो.

हे पुढं टिकलं का? निम्मं टिकलं. तालमीत नवी पोरं आली, डॉल्बी परत आली, आता वर लेझरही आलेत. मशिदीचा भोंगा रमजानात वर जातो आणि ईद झाली की खाली येतो. देवळाचा स्पीकर मात्र फिरवला तो फिरवलाच, कारण बुवांना नंतर कळलं की तो त्यांच्याच झोपायच्या खोलीकडं वाजत होता. पण संध्याकाळी साडेपाच ते सात बोळात आजही काही वाजत नाही. का वाजत नाही ते नव्या पोरांना माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, "तसंच हाय हितं."

माझी तक्रार आहे ती वेगळीच. आवाजाची चर्चा निघाली की जो तो दुसऱ्याच्या आवाजाची तक्रार घेऊन येतो. भोंग्यावर बोलणारा मिरवणुकीवर बोलत नाही, मिरवणुकीवर बोलणारा भोंग्यावर बोलत नाही, आणि तालमींच्या फुटबॉल संघांचा मोसम आला की विजयी तालमीची पोरं सायलेन्सर काढून गाड्या फिरवतात त्यावर तर कुणीच बोलत नाही, कारण प्रत्येकाची एक तालीम आहे. माझीही आहे. कुठली ते रेडिओवर सांगणार नाही. भाषणात शाहू महाराजांचं नाव घेतलं की टाळी मिळते, म्हणून मी ते जपून घेतो. पण दसरा चौकात उभं राहून एकदा त्यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, बघा. निरनिराळ्या समाजांची पोरं शेजारीशेजारी राहून अभ्यास करत होती. शेजारच्या बोर्डिंगातल्या पोराचा अभ्यास होऊ द्यायचा, तर आपल्याकडचं पाठांतर किती मोठ्यानं करायचं हे ठरवावंच लागत असणार.

तुमच्या गल्लीत म्हैस नसेल तर काय करायचं? आधी तालमीत, मशिदीत, देवळात जाऊन बोला. आपल्या माणसाकडं आधी जा, दुसऱ्याकडं नंतर. ऐकलं नाही तर 112 वर फोन करा. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलंय की लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी. तेव्हा "नाव सांगा, पत्ता सांगा" झालं तर हे ध्यानात ठेवा.

आणि हो, रात्री दहाचा नियम लग्नाच्या वरातीलाही आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना ज्यांनी हॉल धरलेत, त्यांनी बँडवाल्याशी वेळेचं आत्ताच बोलून ठेवा.

नमस्कार.