डोंगरातला सेनापती : थिओडोरोस कोलोकोत्रोनिस

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल १७७०. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीज भागात ऑटोमन तुर्कांविरुद्ध बंडाची धामधूम चालू होती. घरदार सोडून रानोमाळ झालेल्या एका बाईने रामोवूनीच्या टेकडीवर, झाडाखाली, मुलाला जन्म दिला. तो थिओडोरोस कोलोकोत्रोनिस. दहा वर्षांचा असताना त्याचे वडील तुर्कांशी लढताना पडले.

त्याचं घराणं क्लेफ्टांचं. क्लेफ्ट म्हणजे डोंगरात राहून सरकारला न जुमानणारे बंडखोर. कधी तुर्कांना लुटायचं, कधी ग्रीक जमीनदारांनाही. आणि त्यांना आवर घालायला सरकार ग्रीकांच्याच हत्यारबंद तुकड्या पगारावर ठेवायचं. आज राखणदार असलेला माणूस उद्या पुन्हा बंडखोर व्हायचा. आपल्या नायकानेही दोन्ही कामं केली. त्याला लहानपणापासूनचा निर्मळ देशभक्त म्हणून रंगवणं मला पटत नाही. १८०६ मध्ये सुलतानाने क्लेफ्टांचा बीमोड करायला घेतला, धर्मगुरूंनीही त्यांना बहिष्कृत केलं. कोलोकोत्रोनिसचे आप्त मारले गेले आणि तो जीव वाचवून झाकिंथोस बेटावर गेला. तिथे इंग्रजांच्या ग्रीक पलटणीत मेजर झाला, कवायती फौज कशी चालते ते त्याने जवळून पाहिलं.

१८२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा तो पन्नाशीत होता. लोकांनी त्याला ‘म्हातारबा’ म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी प्रांताची राजधानी त्रिपोलित्सा पडली आणि शहरात भयंकर कत्तल झाली. मुसलमान आणि ज्यू, बायकापोरांसकट मारले गेले. वेशीपासून वाड्यापर्यंत माझ्या घोड्याचे पाय जमिनीला लागले नाहीत, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. बाजारातल्या ज्या झाडावर तुर्क ग्रीकांना फाशी देत, ते झाड त्याने तोडायला लावलं. तो सूड मला समजतो, पण त्या मुलाबाळांची हत्या कुठल्याही स्वातंत्र्याच्या नावाने माफ होत नाही.

सेनापती म्हणून त्याची खरी ओळख पटते ती १८२२ च्या उन्हाळ्यात. द्रामाली पाशा वीस हजारांहून मोठी फौज घेऊन आर्गोसच्या मैदानात उतरला. ग्रीक सरकार जहाजांवर चढून पळालं. कोलोकोत्रोनिसने मैदानात समोरासमोर लढाई दिलीच नाही. उभी पिकं जाळली. त्या वर्षी पाऊस कमी, विहिरी आटलेल्या, त्यात आर्गोसच्या गडावरच्या मूठभर ग्रीकांनी पाशाला अडकवून ठेवलेलं. माणसं आणि जनावरं दोन्ही तहानेने व्याकूळ. पाशा आता त्रिपोलित्सावर चालून जाणार, असं बाकीचे सरदार धरून चालले होते. म्हातारबा म्हणाला, नाही, हा कोरिंथला परतणार. आणि दोन-अडीच हजार माणसांनिशी त्याने देर्वेनाकियाची खिंड धरली. पाशाची फौज तिथेच कापली गेली. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो, त्यात भूक, पाणी आणि वाट यांचा हिशोब असतो. तो हिशोब त्याला चोख जमला.

मग ग्रीक ग्रीकांशीच लढले. १८२४ मध्ये त्या यादवीत त्याचा मुलगा पानोस मारला गेला आणि लवकरच बापाला सरकारने हिद्रा बेटावर कोंडलं. १८२५ मध्ये इजिप्तचा इब्राहिम पाशा सुलतानाच्या बाजूने येऊन थडकला, तेव्हा त्याच सरकारने त्याला सोडून सेनापती केलं. मुलाचं दुःख गिळून तो पुन्हा डोंगरात उतरला. मला वाटतं, देर्वेनाकियापेक्षाही हे अवघड होतं.

देश स्वतंत्र झाला, बव्हेरियाचा राजपुत्र ओथोन राजा झाला, आणि १८३४ मध्ये नाफ्प्लिओच्या न्यायालयात कोलोकोत्रोनिसवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. पाच न्यायाधीशांपैकी पोलिझोइदिस आणि तेर्चेतिस यांनी देहदंडाच्या निकालावर सही करायला नकार दिला. शिपायांनी दोघांना ओढत आणून आसनावर बसवलं, तरी त्यांनी सही केली नाही. शेवटी देहदंड टळला, आणि १८३५ मध्ये राजाने त्याला माफी देऊन सोडलं.

त्याला लिहिण्यावाचण्याचा फारसा सराव नव्हता. १८३६ मध्ये त्याने आपली हकीकत तोंडी सांगितली, ती उतरवून घेतली त्याच तेर्चेतिसने. १८४३ मध्ये कोलोकोत्रोनिस अथेन्समध्ये वारला. १८४६ मध्ये ते पुस्तक छापून आलं. त्यात देर्वेनाकिया आहे, आणि त्रिपोलित्साही आहे.

नमस्कार.