कोणाशी, किती वेळ, कोणत्या टॉवरवरून

श्रोतेहो, नमस्कार.

‘माझा फोन कोणी ऐकत असेल का?’ ही शंका अनेकांना असते. सरकारला फोन टॅप करायचा तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो 60 दिवस चालतो, मुदत वाढवली तरी 180 दिवसांपलीकडे नाही. ही चौकट सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालातून आली. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाचेच्या एका प्रकरणातले असे तीन आदेश रद्दच केले. सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नसताना ते काढले होते.

पण माझ्या मते जास्त जपायला हवं ते सीडीआरला, म्हणजे कॉलच्या नोंदींना. तो मिळवायला गृहसचिवांचा आदेश लागत नाही, आणि मोबाइल कंपन्यांना तो किमान 2 वर्षं ठेवावाच लागतो. त्यात बोलणं नसतं. नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद, हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, आणि फोन ज्याला जोडलेला होता तो टॉवर, एवढंच. आता एक नोंद बघा: मंगळवारी सकाळी परळचा टॉवर, दवाखान्याच्या नंबरवर तीन मिनिटं, लगेच गावाकडच्या भावाला चाळीस मिनिटं. घरात काय चाललंय ते न ऐकताच कळलं! 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी असे सीडीआर बेकायदा विकणारी साखळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेर होते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल सीडीआरमध्ये येत नाही, मात्र इंटरनेट वापरल्याची नोंद कंपनीकडे राहतेच.

ही नोंद आपल्याला थांबवता येत नाही. आपल्या नावावर दुसऱ्याचं सिम चालत नाही ना, हे मात्र बघता येतं. सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाका, तुमच्या नावावरची सगळी कनेक्शन दिसतील. अनोळखी नंबरापुढे ‘माझा नाही’ असं कळवा.

दुसरं काम सिम पिनचं, म्हणजे सिमच्या स्वतःच्या कुलपाचं. ते लावलं की दुसऱ्या फोनमध्येही सिम आधी पिन मागतं. स्क्रीन लॉक कितीही पक्कं असलं, तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ किंवा ‘सिम पिन’ शोधून चालू करा. आधीचा पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजानं टाकू नका. तीनदा चुकलात की सिम पीयूके, म्हणजे कुलूप उघडायचा कंपनीचा कोड मागतं, आणि पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचं गेलं. नवं घ्यायला दुकानात जावं लागतं.